कंपहरेश्वर

कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथे तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने (राज्यकाल ११७८ ते १२१८) कंपहरेश्वराचे देवालय उभारले. कंप हरणारा तो कंपहरेश्वर. हत्येच्या पातकाने भयग्रस्त झालेल्या एका राजाची थरथर येथे शमली, अशी आख्यायिका आहे. भयालाही उपशम असतो, ही जाण त्या नावातच आहे. परंतु देवाधर्माच्या आश्रयाला पुढे साखळदंडही आले. रामनाथपुरम् जिल्ह्यातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत २८ मनोरुग्ण होरपळून मेले. बेड्यांमुळे त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे जखडणे निषिद्ध ठरविले. मात्र बेडी काढल्याने कंप थांबत नाही. त्यासाठी उशाशी बसून शांतपणे ऐकणारी परिचारिकाच हवी.