वैनगंगेचं गोडं पाणी आणि विषुववृत्ताखालचे प्रवाह

अंदाज चुकला की आपल्याकडे चौकात हवामान खात्याची थट्टा सुरू होते. मीही हसतो. पण लाखांदूरच्या धानाचं गणित ज्या समुद्रात ठरतं, त्याची ओळख माणसाला फार उशिरा झाली मंडळी.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला, आपला भंडारा त्यातच. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे जुळवून त्यांनी मान्सूनचे धागे शोधले. समुद्राच्या पोटातलं मोजायला तेव्हा साधनं कुठे होती?

१९७३ मध्ये क्लाउस विर्टकी यांनी दाखवलं की वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हिंदी महासागरात विषुववृत्तावर एक जोरदार प्रवाह कोमट पाणी सुमात्राकडे लोटतो. १९७६ मध्ये लायटन आणि स्वॅलो यांनी त्याच्याही खूप खाली प्रवाहांची चळतच असल्याचं मांडलं. एक पूर्वेला, त्याखालचा पश्चिमेला, असे एकावर एक. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याला वळवणारा जोर विषुववृत्तावर शून्य होतो, म्हणून इतर समुद्रातली नेहमीची सूत्रं तिथे चालत नाहीत. आणि संगणकाच्या मॉडेलमध्ये पाण्याचे थर जाड धरले, तर ही चळत पुसलीच जाते.

आता खारटपणा. इथे आपली वैनगंगा येते! ती प्राणहितेतून गोदावरीत, तिथून बंगालच्या उपसागरात. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीच्या पाण्यासोबत हे गोडं पाणी हलकं म्हणून वरच राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे वरचा थर तापलेला राहतो, तिथे कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि त्यातले कितीतरी ओडिशा-छत्तीसगडवरून आपल्या रोवणीला पाऊस आणतात. मॉडेलमध्ये मीठ चुकलं की ढगही चुकतात, असं समजा.

१९९७ ला एल निनो जबर होता, दुष्काळाची भीती होती, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातला झोका जगापुढे मांडला. पुढे दोन किलोमीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी तापमान आणि खारटपणा कळवणारे आर्गो तराफे आले. २०१२ पासून मान्सून मिशनमध्ये पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था समुद्र आणि हवा एकत्र धरणारं मॉडेल चालवू लागली. त्यातला हवेचा एक चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा. दिघोरीला धो-धो आणि बारव्ह्याला कोरडं, हा फरक त्या चौकोनात दिसतच नाही.