एकनाथ सोशिक नव्हते

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणच्या वाटेला दिंड्या लागतात आणि वर्तमानपत्रांत नाथांवरचे लेख येऊ लागतात. दिंड्या चारी दिशांनी येतात, लेख मात्र ठरलेल्या एकाच वाटेने. रामेश्वराच्या वाटेवर तहानेने तडफडणारं गाढव आणि त्याच्या मुखी रिती केलेली गंगेची कावड. स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर थुंकणारा यवन आणि पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरणारे नाथ. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा घमघमाट आला म्हणून दाराशी थबकलेले महार आणि त्यांच्यासाठी मांडलेली पानं. शेवटी ‘शांतिब्रह्म’ हे बिरुद, की लेख पुरा.

हे चित्र भाविकांपुरतं राहिलं असतं तर त्यावर वाद घालायचं कारण नव्हतं. पण नाथांच्या टीकाकारांनीही तेच उचललं. एक पक्ष म्हणतो, एवढं सोसणारा माणूस पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, नुसतं सोसलं, जमवून घेतलं, म्हणून तर व्यवस्था जागची हलली नाही. स्तुती काय आणि निंदा काय, दोन्ही एकाच गृहीतावर उभ्या आहेत, आणि ते गृहीतच कच्चं आहे. नाथांच्या भक्तीचा कस पाहायचा तर तो त्यांच्या चोख कामात पाहावा लागतो. त्या कामाला धारही चांगलीच होती.

आधी साधनांचं बघू. या गोष्टी घरोघर पोचल्या त्या मुख्यतः महिपतींमुळे. ताहराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 चा, ‘भक्तलीलामृत’ 1774 चा. नाथांनी देह ठेवला शके 1521 मध्ये, म्हणजे 1599 साली. मधे दीडशेहून अधिक वर्षं गेली. महिपतींनी मनचं लिहिलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. जे ऐकलं, जुन्या चरित्रांत वाचलं, ते त्यांनी निष्ठेने ओवीत बांधलं आणि त्यांचं ऋण मराठीवर मोठं आहे. पण यवन एकशे आठ वेळा थुंकला, हा आकडा जपमाळेतला आहे. घाटावर बसून कोणी मोजदाद केली नव्हती, एवढं मान्य करायला भाविकांचीही हरकत नसावी.

पुढे या चित्रावर आणखी एक हात फिरला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘खरा ब्राह्मण’ नाटकात नाथांना उभं केलं. 1935 साली प्रभातने बालगंधर्वांना नाथांच्या भूमिकेत घेऊन शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट काढला. त्याचं नाव आधी ‘महात्मा’ होतं; सेन्सॉरने हरकत घेतली तेव्हा ‘धर्मात्मा’ झालं. हरकत का घेतली हे सांगायला नको. त्या दशकाला जो सत्याग्रही संत हवा होता तो नाथांमध्ये सापडला. आज आपल्या डोळ्यांपुढे येणारे नाथ बरेचसे त्या पडद्यावरून उतरलेले आहेत.

मग नाथांचं स्वतःचं म्हणून आपल्या हाती काय उरतं? उरतात त्यांचे ग्रंथ, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या ग्रंथांवर तिथी घातलेल्या आहेत. ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके 1493 चं. एकादश स्कंधावरची टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती शके 1495 च्या कार्तिकी पौर्णिमेला पुरी झाली. एकतीस अध्याय, अठरा हजारांहून अधिक ओव्या. ग्रंथ संपवताना नाथ स्थळ सांगतात: वाराणसी, मणिकर्णिकेचा तीर. काळही सांगतात, आणि तो एकदा नव्हे तर दोनदा. काशीत विक्रम संवत चालतो म्हणून तिकडचं वर्ष 1630, आणि आपल्या गोदाकाठच्या लोकांसाठी शालिवाहन शक 1495. ज्याने भोळ्या भावाने टाळ हाती घेतला तो माणूस असा दोन्ही शकांचा मेळ घालून तारीख टाकत नाही. ही सवय दप्तर सांभाळणाऱ्याची आहे.

दप्तराचा हा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही. जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू. ते निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते, आणि नाथ त्यांच्याकडे हिशेबाचं काम करत असं परंपरा सांगते. पैच्या चुकीची गोष्ट प्रसिद्धच आहे. ताळेबंदात एक पै जुळेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या चाळत बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनकार इथे थांबून उपदेशाकडे वळतात. पै सापडली, तिचं काम झालं, ती विसरली जाते.

ही गोष्टही चरित्रकारांचीच, असा आक्षेप कोणी घेईल, आणि वर मीच साधनांची उलटतपासणी केली असल्याने तो रास्त ठरेल. फरक एवढाच, की या गोष्टीला नाथांच्या लेखनाची साक्ष मिळते. त्यांची भारुडं उघडून पाहा. जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी, विंचू ही सगळ्यांना ठाऊक असतात, कारण ती रंगमंचावर चालतात. पण त्याच गाथ्यात अर्जदास्त आहे, अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे, जाबचिठ्ठी आहे, कौल आहे. अर्जदास्तीत शरीर हा परगणा होतो, जीव तिथला शेकदार, बुद्धी कारकून, आणि धन्याच्या हुजुरात रीतसर अर्ज गुजरतो. निजामशाही कचेरीत रोज चालणारी फारसीमिश्रित भाषा, मायना, सरकारी कागदाचा ढंग, सगळं जसंच्या तसं. किल्ल्यावरची लेखणी ज्याने कधी हातात धरली नाही त्याला हे साधणार नाही. भक्तीसाठी कचेरी सोडावी असं नाथांना वाटलं नाही. कचेरीतला कागदच त्यांनी भक्तीच्या कामाला लावला.

या शिस्तीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी. शके 1506, तारण संवत्सर, भाद्रपदातली कपिलाषष्ठी, इंग्रजी 1584. मूळ ग्रंथ शके 1212 चा. म्हणजे मधे 294 वर्षं गेलेली. एवढ्या काळात हस्तलिखिताचं काय होतं हे पोथ्या हाताळणाऱ्यालाच कळतं. लागोपाठच्या दोन चरणांची अखेर एकसारखी असली की नकल करणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधली ओळ गळते. जुना शब्दप्रयोग उमगला नाही की त्या जागी रोजच्या वापरातला येतो. एखाद्या पुराणिकाला निरूपणाच्या भरात स्वतःची ओवी सुचते, तो ती समासात टिपून ठेवतो. पुढचा लेखक समजतो की ही मुळातली राहून गेली होती आणि तो तिला मोठ्या भक्तिभावाने आत घेतो. तिसऱ्या प्रतीत ती ज्ञानेश्वरांची होऊन बसते. यात बदमाशी कोणाचीच नसते. सगळे भक्तच असतात, आणि ग्रंथ त्यांच्या भक्तीनेच बिघडतो.

नाथांनी हे ओळखलं. ग्रंथ मुळात अतिशुद्ध आहे, पाठांतरांमुळे तो अबद्ध झाला, म्हणून मी तो शोधून शुद्ध केला, असं त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवलं आहे. त्यापुढचं बजावणं जास्त महत्त्वाचं. यापुढे या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली. ही भाषा सोसणाऱ्याची आहे का? अंगावर थुंकणाऱ्याला ज्यांनी एक शब्द ऐकवला नाही असं म्हणतात, ते ग्रंथाला हात लावणाऱ्याला असं खडसावतात. आणि स्वतःवरही तोच नियम लावतात. ज्याच्या नावावर हजारोंनी ओव्या आहेत त्याला ज्ञानेश्वरीत चार ओव्या सरकवणं काय अवघड होतं? शेवटी जोडलेल्या नोंदीत त्यांनी आपलं नाव घातलं, ग्रंथाच्या पोटात नाही.

आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली, त्यांनी स्वप्नात येऊन ती काढायला सांगितलं आणि नाथ समाधीपाशी गेले, ही आख्यायिका याच कामाच्या जोडीने सांगितली जाते. ज्या लोकांनी ती रचली त्यांना हे काम आजच्या पुष्कळ लेखकांपेक्षा जास्त कळलं होतं असं मला वाटतं.

इथे विद्वानांचा एक जुना आक्षेप समोर येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली आणि तेव्हापासून असा समज पक्का झाला, की नाथांनी ज्ञानेश्वरीची भाषा आपल्या काळाची करून टाकली, शुद्धी कसली, ती भ्रष्टीच. राजवाड्यांचं व्याकरणातलं काम थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पोथीच्या वयाबद्दल पुढे वाद झाले. शिवाय नाथांच्या नंतरही छापखाना येईपर्यंत नकला होतच राहिल्या. प्रचलित प्रतीत दिसणारं प्रत्येक अर्वाचीन रूप नाथांच्या खाती घालणं म्हणजे शेवटच्या कारकुनाची चूक मधल्याच्या माथी मारणं. नाथांच्या हातून एखादं जुनं रूप गेलंही असेल. पण ज्या काळात ग्रंथ वाढवणं हीच सेवा मानली जात होती, त्या काळात पाठ ताडून पाहावेत, निवडावेत आणि मग ग्रंथाला कुलूप घालावं, हा विचारच मुळी नवा होता. आपल्याकडे चिकित्सक आवृत्तीची गोष्ट निघाली की भांडारकर संस्थेच्या महाभारतापासून सुरुवात होते. ती योग्यच; पण पैठणचं नाव त्याआधी घ्यायला हवं.

आता ‘जमवून घेतलं’ या आरोपाकडे वळू. जमवून घेणारा माणूस प्राकृत टीका पैठणलाच गुपचूप लिहून मोकळा झाला असता. नाथांनी ती काशीत, पंडितांच्या डोळ्यांदेखत पुरी केली आणि मराठीच्या बाजूने तिच्यात जो खडा सवाल टाकला तो शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर समन्वयाचा नमुना म्हणून नेहमी पुढे करतात. पण शेवटची गळाभेट तेवढी सांगतात. त्याआधीची जुगलबंदी वाचावी. तुर्क पुराणातल्या देवांच्या भानगडी एकेक करून काढतो, सोवळ्याओवळ्याची टर उडवतो. हिंदू त्याच्या धर्मातल्या विसंगतींवर बोट ठेवतो. दोघेही शिव्यांवर येतात. पैठणच्या एका ब्राह्मण घराण्यातला माणूस प्रतिपक्षाच्या तोंडी आपल्याच धर्मावरचे आक्षेप इतक्या दमाने घालतो, ही बाब गळाभेटीपेक्षा मोठी आहे. ज्याला नुसती शांतता हवी असते तो पहिल्या दोन कडव्यांतच गळाभेट घडवून मोकळा होतो. नाथांना आधी हिशेब पुरता मांडायचा होता.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. नाथांनी वर्णव्यवस्था मोडली नाही. ते घरचं नित्यनैमित्तिक करत राहिले, श्राद्धंही केली, आणि त्यांच्या ग्रंथांत स्वधर्माचरणाचा आग्रह जागोजागी आहे. जोहाराच्या भारुडांत महाराच्या तोंडून त्यांनी ब्रह्मज्ञान वदवलं, पण गावगाड्यातली त्याची जागा बदलावी असं सांगितलं नाही. चोखोबांच्या अभंगांतलं दुःख नाथांच्या भारुडांत शोधू गेलं तर हाती लागत नाही, आणि ते लागतं असं भासवणारे लेख मला पटत नाहीत.

या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र वेगळाच आहे, तो हरिपंडितांचा. नाथांचा हा मुलगा संस्कृतचा व्युत्पन्न पंडित. बापाचं प्राकृत निरूपण आणि परान्न त्याला रुचेना, म्हणून तो काशीला निघून गेला. प्राकृत प्रवचन करणार नाही आणि दुसऱ्याकडे जेवणार नाही, अशा दोन अटी नाथांनी मान्य केल्या तेव्हा तो परतला, असं चरित्रकार सांगतात. पाहा, घरातच हार खाल्ली, असं म्हणायला ही गोष्ट सोयीची आहे.

पण ती पुढेही वाचावी. मुलाच्या प्रवचनाला श्रोते मिळेनासे झाले आणि शेवटी मुलानेच माघार घेतली, असं तीच परंपरा सांगते. आणि परंपरा बाजूला ठेवली तरी ‘भावार्थरामायण’ उरतंच. नाथांच्या उतारवयातला हा सर्वांत मोठा ग्रंथ, आणि तो मराठीत आहे. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत तो आला आणि नाथांचा देह पडला. प्रवचन काही दिवस थांबलं असेल. लेखणी थांबलेली नव्हती.

उरलेला भाग पुरा कोणी करायचा हा प्रश्न होता. घरात शास्त्र शिकलेला मुलगा होता. नाथांनी ते काम सोपवलं गावबाला. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने वाड्यात राहिलेला, मतिमंद म्हणून लोकांनी हसण्यावारी नेलेला शिष्य. युद्धकांडाचा राहिलेला भाग आणि उत्तरकांड त्याच्या नावावर आहे. लोकांना या निवडीचं नवल वाटलं, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. हरिपंडितांना काय वाटलं ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही.