फ्रॅपे फ्रेमवर्क : मुक्तस्रोत परवाने

मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने पायथन व जावास्क्रिप्टमध्ये घडवलेली ही वेब-चौकट एमआयटी परवान्याखाली खुली आहे. हा परवाना अगदी सैल. मूळ स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर प्रतींसोबत ठेवला की चौकटीवर बांधलेले ॲप बंदिस्त ठेवून विकताही येते. त्याच चौकटीवर उभे असलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मात्र जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्यात बदल करून प्रत ग्राहकाला दिली, तर स्रोतही त्याच अटींवर द्यावा लागतो. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून केवळ सेवा पुरवली, तर जीपीएलची ही अट लागू होत नाही. वेबच्या बाबतीत ही पळवाट मोठीच. एजीपीएल हा जीपीएलचाच भाऊबंद परवाना ती बुजवतो : बदललेली आवृत्ती जाळ्यावरून वापरणाऱ्यालाही स्रोत मागता येतो. ‘फ्रॅपे सीआरएम’साठी हाच परवाना निवडला आहे.

फ्रॅपेची ‘बेंच न्यू-ॲप’ ही आज्ञा नवे ॲप तयार करताना परवाना विचारते. काही न लिहिता एंटर दाबल्यास एमआयटी नोंदला जातो. अनेकजण तो तसाच सोडतात, हे योग्य नव्हे. ईआरपीनेक्स्टचा कोड उचलून ॲप वितरित करायचे असेल, तर तिथे जीपीएलच लिहायला हवे.