निर्वासितांच्या हातचे सोने

सोन्याची जुनी, दुर्मीळ मनगटी घड्याळे जमवणे हा धनवंतांचा षौक आहे, असे समजून आपण तो विषय सहसा बाजूला सारतो. अशा घड्याळांच्या लिलावाची बातमी वाचली की पैशाला वाट फुटली, असे म्हणून पान उलटतो. परंतु या घड्याळांचा पूर्वेतिहास पाहू लागले, म्हणजे तो आपल्याला राजवाड्यात न नेता निर्वासितांच्या रांगेत नेऊन उभा करतो.

त्याचा आरंभ जिनिव्हा नगरीत होतो. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन १५४१ साली या नगरीत परतले आणि तेथे साधेपणाचे कडक नियम जारी झाले. दागदागिन्यांवर निर्बंध आले, तेव्हा सोनारांनी आपले कसब घड्याळांकडे वळवले, असे परंपरा सांगते. त्याच काळात फ्रान्समधून छळाला कंटाळून निघालेले प्रॉटेस्टंट कारागीर जिनिव्हाच्या आश्रयाला आले. सोन्याची कला आणि यंत्राची विद्या यांचा तेथे संगम झाला. १६०१ साली घड्याळजींचा संघही स्थापन झाला. पुढे १६८५ साली चौदाव्या लुईने नॉन्तचा फतवा रद्द केला आणि निर्वासितांचा आणखी एक लोंढा स्वित्झर्लंडकडे वळला. हा राजा कॅथलिक होता, हे आपण विसरता कामा नये. स्विस घड्याळांच्या वैभवाचा पाया आपल्याच धर्मबंधूंनी देशोधडीस लावलेल्या माणसांनी मजबूत केला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या पुत्रांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली, त्यात ऐक्यभंगाच्या पापांचाही उच्चार होता. हा इतिहास त्या क्षमायाचनेच्या प्रकाशात वाचावा.

काळाचे चक्र मात्र विलक्षण असते. त्याच कॅल्व्हिनच्या नगरीत दीडशे वर्षांनी एक कॅथलिक निर्वासित आला. आंतोनी पाटेक हा १८१२ साली जन्मलेला पोलिश तरुण. रशियन सत्तेविरुद्ध १८३०-३१ मध्ये पोलंडने केलेल्या उठावात तो घोडदळातून लढला आणि उठाव चिरडला गेल्यावर परागंदा झाला. १८३९ साली त्याने चापेक या घड्याळजीच्या भागीदारीत जिनिव्हात व्यवसाय मांडला. त्यांच्या सुरुवातीच्या घड्याळांवर पोलंडचे वीर आणि चेस्टोखोवाची माता मारिया यांची चित्रे असत. ज्यांना मायदेशी परतणे शक्य नव्हते, त्यांनी मायदेश असा खिशात बाळगला. पुढे चावीवाचून घड्याळ भरण्याची युक्ती काढणारा फ्रेंच कारागीर आद्रियें फिलिप त्याला मिळाला आणि १८५१ साली 'पाटेक फिलिप' हे नाव रूढ झाले. पोप नववे पायस यांनी पाटेकला काउंट हा किताब दिला. १८७७ साली तो जिनिव्हातच निवर्तला.

मनगटी घड्याळ ही त्या काळी स्त्रियांच्या दागिन्यांतली वस्तू होती. हंगेरीच्या एका काउंटेससाठी याच कारखान्याने १८६८ साली सोन्याचे मनगटी घड्याळ घडवले. पुरुषांच्या मनगटावर ते रुळले ते पहिल्या महायुद्धात. खंदकातील सैनिकाला खिशात हात घालण्याची सवड नव्हती. युद्ध संपले, तरी सवय उरली. आणि मग सोन्याच्या मनगटी घड्याळांचा वैभवकाळ उगवला. १९३२ साली स्टर्न बंधूंनी पाटेकचा कारखाना घेतला. त्याच वर्षी निघालेले साधे, गोल घड्याळ आज 'कालात्रावा' या नावाने ओळखले जाते. कारखान्याच्या मुद्रेवरील हा क्रूस कालात्रावा संघाचा आहे. बाराव्या शतकात स्पेनमध्ये सिस्टर्शियन मठवासीयांनी स्थापिलेला तो लढवय्यांचा संघ.

१९४१ साली आलेल्या '१५१८' या क्रमांकाच्या घड्याळाला संग्राहक विशेष मानतात. त्याची केवळ २८१ नगे निघाली. त्यात नित्य दिनदर्शिका आहे. महिना तीस दिवसांचा की एकतीस, वर्ष लीप आहे की नाही, हे त्याचे यंत्र स्वतः जाणते. मात्र पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली घातलेला शतकवर्षाचा नियम त्यात बसवलेला नाही. म्हणून २१०० साली ते फेब्रुवारीचा एकोणतिसावा दिवस दाखवील आणि माणसाला हाताने ते सुधारावे लागेल. यातील बहुतेक घड्याळे सोन्याची. पोलादाची अवघी चार प्रकाशात आली. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हात एक कोटी दहा लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेले. गुलाबी सोन्याच्या एका घड्याळाला २०२१ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ९५ लाख डॉलर आले. हलक्या पोलादाने सोन्याला मागे टाकावे, याचा अर्थ इतकाच की येथे किंमत धातूची नसतेच.

मग ती कशाची असते? जाणता संग्राहक आधी मागचे झाकण उघडतो. अठरा कॅरटच्या स्विस घड्याळावर हेल्व्हेशियाच्या मस्तकाचा शिक्का असे. १९९५ पासून त्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मस्तक आले आहे. आल्प्सच्या घाटात वाटसरूंना वाचवणाऱ्या मठवासीयांनी पाळलेली ही जात. मग तो कोणाला कधी दिसणार नाहीत, अशा सुट्या भागांच्या कडा पाहतो. त्या घासूनपुसून झळाळत्या केल्या आहेत की नाही, ते निरखतो. तबकडी पुन्हा रंगवलेली असेल किंवा सोने पॉलिश करून झिजवले असेल, तर मोल निम्म्याहूनही खाली येऊ शकते. प्रामाणिक ओरखडा चालतो, खोटी झळाळी चालत नाही.

ही घड्याळे दुर्मीळ का झाली, याचेही उत्तर माणसाच्या नजरेतच आहे. १९७० नंतर बॅटरीवरची स्वस्त, अचूक क्वार्ट्झ घड्याळे आली. स्विस कारखाने ओस पडले, हजारोंची रोजी गेली. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर पोहोचला, तेव्हा कित्येकांनी जुनी घड्याळे वजनावर विकली. यंत्र काढून टाकले, सोने भट्टीत गेले. १९८९ साली जिनिव्हात या कारखान्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त मोठा लिलाव झाला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. ज्यांनी वजन पाहिले त्यांनी गमावले. ज्यांनी काम पाहिले त्यांनी राखले.

आपल्या घरांतही वाडवडिलांची घड्याळे असतात. फेवर ल्युबा, वेस्ट एंड या स्विस कंपन्यांचा मुंबईतील व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. कोणाच्या कपाटात आजोबांच्या लग्नातले बंद पडलेले घड्याळ असेल, तर ते सोनाराच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याची तबकडी रंगवू नये, केस घासू नये. जाणत्या घड्याळजीकडून ते फक्त साफ करून घ्यावे. संग्रह करताना मात्र एक भान असावे. पृथ्वीवरच्या ठेव्याला कसर लागते, हे प्रभूने आपल्याला शिकवले आहे. सोन्याचे घड्याळही आपल्याजवळ काही काळापुरतेच असते. जे राखून पुढे द्यायचे, ते सोने नव्हे. परक्या देशात बसून, कोणी पाहणार नाही अशा जागीही काम चोख करणाऱ्या हातांची ती आठवण आहे.