गर्भिणीचे श्रम आणि गर्भिणीचा व्यायाम

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग खारेपाटण ओलांडून दक्षिणेस निघाला, म्हणजे कणकवलीच्या अलीकडे तळेरे हें गांव लागतें. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाच्या समुद्राकडे उतरतो आणि दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला व पुढें कोल्हापुरास जातो. आषाढांत या बाजूच्या शेतांतून भाताची लावणी चालू असते. पोटऱ्यांपर्यंत चिखलांत उभें राहून, कमरेंत वांकून, मागें मागें सरत तरवा लावण्याचें हें काम बहुतांशीं स्त्रियांचें. त्यांत एखादी दोन जिवांची असली, कीं तिला दोन प्रकारचे उपदेश मिळतात. एक म्हणते, "पुरे आतां, गो बाय, जाऊन पड जरा." दुसरी म्हणते, "करूं दे तिला काम. हातपाय हालते असले म्हणजे बाळंतपण सुखाचें होतें."

दोन्ही उपदेश हितबुद्धीचेच आहेत आणि दोन्ही फार जुने आहेत. गरोदर स्त्रीनें शरीराला किती हालवावें, हा प्रश्न आजच्या डॉक्टरांनीं नव्यानें काढलेला नाहीं. त्याचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, जेथें जेथें उत्तर चुकलें, तेथें श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या गेल्या होत्या.

आयुर्वेदांत गर्भिणीची परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांत गर्भ राहिल्यापासून वर्ज्य करावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत व्यायाम आहे, वाहनावर चढणें आहे, रात्रीचें जागरण आहे; शोक आणि भय हींहि आहेत. एवढेंच वाचून गर्भिणीनें खाटेवर पडून राहावें असा अर्थ कोणी काढील. परंतु त्याच यादींत दिवसाची झोप आणि अतिपोषण यांचाहि निषेध आहे. शिवाय सुश्रुताच्या व्याख्येप्रमाणें व्यायाम म्हणजे शरीरास आयास घडविणारें कर्म. तेव्हां निषेध आयासाचा आहे. घरांतल्या सहज हालचालीचा नव्हे, हें उघड आहे.

याहून बोधप्रद असा एक वाद चरकसंहितेंत आला आहे. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या असतां स्त्रीनें उठून मुसळ हातीं घ्यावें, उखळांत भरलेलें धान्य कांडावें, मधून मधून जांभया द्याव्या आणि फेऱ्या घालाव्या, म्हणजे सुटका लवकर होते, असें कांहीं आचार्यांचें मत होतें. भगवान् आत्रेयांनीं तें मान्य केलें नाहीं. गर्भिणीला दारुण व्यायाम सदैव वर्ज्य सांगितला आहे, मग प्रसूतीच्या वेळीं, जेव्हां शरीरांतील सारे दोष आणि धातु चळलेले असतात तेव्हां, तो कसा चालेल, असा त्यांचा प्रश्न. मुसळाच्या श्रमानें क्षुब्ध झालेला वायु त्या सुकुमार स्त्रीचा प्राणहि घेईल, असें त्यांनीं बजावलें. म्हणून मुसळ टाकावें. फेऱ्या व जांभया मात्र ठेवाव्या, असा निवाडा झाला.

या निवाड्याची भाषा त्रिदोषांची आहे. पण त्यांतील विवेक आजहि पटण्याजोगा आहे. आत्रेयांनीं हालचाल आणि आयास यांना निराळें केलें. कळांच्या वेळीं चालणें हितावह असतें, हें आजचें प्रसूतिशास्त्रहि मानतें. कारणें मात्र कांहीं ठिकाणीं बदललीं. उदाहरणार्थ, गर्भिणीनें सतत उताणें निजूं नये, नाहीं तर गर्भाची नाळ त्याच्या गळ्याभोंवतीं गुंडाळते, असें चरकांत म्हटलें आहे. हें कारण आतां कोणी मानीत नाहीं. परंतु उत्तर महिन्यांत उताणें निजल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेवर पडून घेरी येऊं शकते, म्हणून बराच वेळ उताणें राहून करावयाचे व्यायाम टाळण्यास आजचे तज्ज्ञहि सांगतात.

ही जुनी विद्या पाश्चात्य वैद्यकाच्या दारीं प्रथम नेणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती. आनंदीबाई जोशी यांनीं 1886 सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एम. डी. ही पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या स्त्रीनें हा विषय निवडावा, यांत आश्चर्य नाहीं. परंतु 26 फेब्रुवारी 1887 रोजीं, बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास त्यांचा अंत झाला आणि त्या विद्येचा उपयोग स्वदेशांतील स्त्रियांना होण्याचें राहून गेलें.

मुसळाचा वाद ग्रंथांत मिटला, तरी घरांत मिटला नाहीं. भात सडण्याच्या आणि दळणाच्या गिरण्या गांवोगांव येईपर्यंत कोंकणांतील स्त्रीचा दिवस पहांटे जात्यावर सुरू होई. नाचणी दळणें, भात कांडणें, विहिरीचें पाणी शेंदून घरीं आणणें, रानांतून लांकडांचे व कवळाचे भारे डोक्यावर वाहणें, पावसांत लावणी आणि पुढें कापणी, हीं कामें गरोदरपणामुळें थांबत नसत. थांबणार तरी कशीं? घरचा पुरुष बहुधा मुंबईस गिरणींत असे. रत्नागिरी जिल्हा हा मुंबईला माणसें पुरविणारा जिल्हा, आणि 1 मे 1981 रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत तळेरे त्याच जिल्ह्याचा भाग होतें. मनीऑर्डर येई, परंतु शेत, गुरें आणि म्हातारीं माणसें सांभाळावयाचीं तीं सुनेनेंच. अशा स्थितींत काम केल्यानें बाळंतपण सुलभ होतें ही समजूत घराला सोयीची होती. पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरीं आणण्याची जी चाल पडली, तिच्यांत डोहाळे पुरविण्याच्या कौतुकाइतकाच विसाव्याचाहि हेतु असला पाहिजे. सासरच्या जात्यापासून सुटका होण्याची तीच काय ती संधि.

त्या समजुतींत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टरीणबाईंनीं काश्मीरमध्यें काम करीत असतां तेथील स्त्रियांच्या प्रसूतींचें निरीक्षण केलें. पडद्यांत कोंडून राहणाऱ्या संपन्न घरच्या स्त्रियांची प्रसूति अतिशय कष्टाची होई, आणि उघड्या हवेंत नाव वल्हवणाऱ्या हांजी स्त्रिया मात्र सहज मोकळ्या होत. 1928 सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत पडद्याच्या चालीचे मातृत्वावर होणारे परिणाम त्यांनीं मांडले. तथापि हा पुरावा नीट वाचला पाहिजे. पडद्यांतील स्त्रियांचीं हाडें मऊ पडून कमरेचा सांगाडा वेडावांकडा होई, तो मुख्यतः सूर्यप्रकाश न मिळाल्यानें. सूर्यप्रकाशावांचून शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं आणि हाडांना चुना मिळत नाहीं. नावाड्याच्या बायकोला नुसते श्रम मिळत नव्हते. ऊनहि मिळत होतें.

नुसत्या श्रमांनीं काय होतें, हें पाहावयास मुंबईच्या गिरणगांवांत जावें लागे. यंत्रापुढें दिवसभर उभें राहून काम करणारी स्त्री गरोदर झाली, तरी मजुरी बुडेल या भयानें अखेरपर्यंत कामावर येई. 28 जुलै 1928 रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूतिसाहाय्याच्या बिलावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीपूर्वीं व नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलावयास हवा. परंतु स्त्रीच्या श्रमांवर नफा मिळविणाऱ्या मालकानेंहि आपला वांटा दिला पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. 1929 सालीं मुंबई प्रांतांत कायदा झाला आणि पुढच्याच वर्षीं मध्यप्रांतानेंहि तसा कायदा केला. त्याच सुमारास डॉ. मार्गारेट बॅल्फोर आणि डॉ. शकुंतला तळपदे यांनीं गिरणींतील स्त्रियांच्या प्रसूतींची पाहणी करून ती 1930 सालीं प्रसिद्ध केली. विश्रांति ही चैन नसून गरज आहे, हें कायद्यानें प्रथमच मान्य केलें होतें. पुढें 1961 सालीं साऱ्या देशासाठीं झालेल्या कायद्यांत, प्रसूतीच्या रजेपूर्वींच्या महिन्यांत स्त्रीनें मागणी केल्यास तिला कष्टाचें किंवा फार वेळ उभें राहण्याचें काम देऊं नये, अशी तरतूद आली. परंतु तळेऱ्याच्या शेतांत लावणी करणाऱ्या बाईला ना मालक होता, ना हजेरीपट. तिच्यापर्यंत ते कायदे पोंचले नाहींत.

दुसऱ्या बाजूनें, स्त्रीनें व्यायाम करावा ही कल्पनाहि याच काळांत महाराष्ट्रांत रुजूं लागली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार करतांना स्त्रियांना वगळलें नाहीं. पुढें पुण्याच्या गीता अय्यंगार यांनीं स्त्रियांसाठीं लिहिलेल्या योगावरील ग्रंथांत गरोदरपणींच्या आसनांचा स्वतंत्र विचार केला. पोटावर दाब येईल तीं आसनें सोडावीं, आधार घेऊन करावीं, श्वास कोंडूं नये, हें धोरण त्यामुळें अनेक घरांत पोंचलें. साष्टांग नमस्कार निरोगी तरुणीला उत्तम. पण पोट वाढल्यावर पालथें पडण्याचा भाग त्यांतून सोडलाच पाहिजे.

पाश्चात्य देशांतील डॉक्टरांचें मतहि एका जागीं स्थिर राहिलें नाहीं. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें 1985 सालीं असा नियम घातला कीं, गर्भिणीच्या नाडीचे ठोके मिनिटास 140 च्या वर जाऊं नयेत आणि जोराचा व्यायाम एका वेळीं 15 मिनिटांहून अधिक नसावा. हा आंकडा सावधगिरीपोटीं आलेला होता. 1994 सालीं तो काढून टाकण्यांत आला. 2002 सालीं तर निरोगी गर्भिणीनें शक्यतों रोज अर्धा तास मध्यम व्यायाम करावा, असें त्याच संस्थेनें सांगितलें. 2020 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि आठवड्यास निदान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. अशा व्यायामानें गरोदरपणींचा मधुमेह, वाढता रक्तदाब व अवाजवी वजनवाढ यांचा संभव कमी होतो आणि निरोगी स्त्रीला त्यानें अकालीं प्रसूतीचें भय नसतें, असें दिसून आलें आहे.

मग लावणीचा उपदेश करणारी शेजारीण बरोबर म्हणावयाची काय? याचें उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांनीं दिलें आहे. 1994 ते 1996 या काळांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनीं तेथील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. गर्भ राहण्यापूर्वीं त्यांचें वजन सरासरीनें सुमारें 42 किलो होतें. घरकाम, शेतकाम, पाणी आणणें अशा त्यांच्या रोजच्या श्रमांचें मोजमाप करण्यांत आलें. 2003 सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांचे श्रम अधिक, त्यांचीं बालकें जन्मतः सरासरीनें लहान भरलीं. शरीराची शिल्लक मुळांतच तुटपुंजी. तींतून श्रमांचा खर्च आधीं निघतो आणि उरलेलें गर्भाच्या वांट्यास येतें. पोटभर जेवून संध्याकाळीं अर्धा तास फिरणारी शहरांतली स्त्री आणि अर्धपोटीं हंडा वाहणारी खेड्यांतली स्त्री, दोघींच्या नाडीचे ठोके सारखेच भरतील. परंतु एकीला तो व्यायाम होतो, दुसरीची ती झीज होते.

या साऱ्या इतिहासांतून आज घेण्यासारखें असें आहे. गरोदरपणांत अंगांतील रक्ताचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें वाढतें, हृदयाला अधिक काम पडतें, सांधे सैल होतात आणि पोट पुढें आल्यानें तोल बदलतो. म्हणून सपाट वाटेनें चालणें, हलकीं आसनें, शक्य असेल तेथें पोहणें हे व्यायाम चांगले. चालतां चालतां बोलतां येत असेल तर श्रम बेताचे आहेत. शब्दागणिक धाप लागत असेल तर थांबावें. कोंकणांतल्या दमट उकाड्यांत भर दुपार टाळावी आणि पाणी भरपूर प्यावें. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणें, घेरी, छातींत दुखणें, तीव्र डोकेदुखी, पोटरी सुजणें वा दुखणें, पोटांत कळा येणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास व्यायाम तत्काळ सोडून डॉक्टरला गांठावें. वार खालीं असणें, गरोदरपणींचा वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचें तोंड सैल असणें, तीव्र रक्तक्षय, अशा अवस्थांत डॉक्टरला विचारल्यावांचून कोणताच व्यायाम करूं नये. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील 52.2 टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयानें पीडित आढळल्या. तेव्हां व्यायाम सुरू करण्यापूर्वीं रक्ताची तपासणी करून घेणें, हीच त्याची पहिली पायरी.

लावणीच्या दिवसांत तळेऱ्याच्या एखाद्या घरीं सून गरोदर असेल, तर तिला आणखी व्यायाम शिकविण्याची निकड नाहीं. तिच्या डोक्यावरचा भारा दुसऱ्यानें उचलावा, तिच्या पानांत आधीं वाढावें, दुपारीं तिला डाव्या कुशीवर घटकाभर पडूं द्यावें. मग संध्याकाळीं ती आपल्या पायांनीं, आपल्या इच्छेनें, रस्त्यापर्यंत फेरी मारून आली, तर तो खरा व्यायाम झाला. आत्रेयांनीं मुसळ टाकून फेरी ठेवावयास सांगितली, परंतु खालीं ठेवलेलें तें मुसळ उचलावयाचें कोणी, हें सांगितलें नाहीं. तें घरांतल्या इतर माणसांनीं उचलावयास हवें.