वाढता लठ्ठपणा: जबाबदारी फक्त खाणाऱ्याची की कंपन्यांचीही?

रायगडच्या किनाऱ्यावर मांडवा जेट्टीपासून श्रीवर्धनच्या एसटी स्टँडपर्यंत कुठेही जा, दुकानांच्या दारात ५ आणि १० रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. शेजारी थंड पेयांचा फ्रिज असतो. भात, मासळी आणि सोलकढीच्या या पट्ट्यातही पाकिटबंद खाणं रोजचं झालं आहे. वजन वाढलं की बोल मात्र खाणाऱ्याच्या जिभेला लागतो. कंपन्यांचा यात वाटा किती?

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात जादा वजन किंवा लठ्ठपणा असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील महिलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेलं. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्के झालं. याच काळात बाजारही फुगला. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांची देशातली बाजारपेठ २००६ मध्ये ९० कोटी डॉलर होती, ती २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलरवर पोहोचली.

कंपन्यांचं म्हणणं काय?

कोणताही एक पदार्थ लठ्ठपणा आणत नाही, व्यायामाचा अभावही कारणीभूत आहे आणि निवड ग्राहकाची आहे, असा उद्योगाचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. पण पाकिटात साखर, मीठ, तेल किती, ते किती रुपयांना विकायचं आणि जाहिरात कोणाला दाखवायची, हे ग्राहक ठरवत नाही.

बोर्नव्हिटाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये त्यातल्या साखरेवर बोट ठेवणारा एका इन्फ्लुएन्सरचा व्हिडिओ व्हायरल झाला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो हटवला गेला, पण राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला. पुढे कंपनीने वरून घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी केली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं.

कायदा काय करतो?

महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. केंद्रीय अन्न प्राधिकरण एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार, जास्त मेद, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. पण ५० मीटर म्हणजे गावातली चार-पाच घरं. त्यापुढच्या दुकानाला हा नियम लागू नाही.

नियम कडक असला की पदार्थ बदलतात. खाद्यतेलांतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. त्यासाठी ग्राहकाला संयम पाळावा लागला नाही, उत्पादकांना तेल बदलावं लागलं.

करांचं चित्र मात्र उलटसुलट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याच दिवशी पाकिटबंद फरसाण, बिस्किटं, चॉकलेट आणि इन्स्टंट नूडल्सवरचा कर मात्र ५ टक्क्यांवर आला.

पाकिटावर इशारा का हवा?

चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, मेद किंवा कॅलरी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. भारतात एफएसएसएआयने २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. त्यावर टीका झाली, कारण साखर भरपूर असलेल्या पदार्थालाही इतर घटकांच्या जोरावर तारे मिळू शकतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. ती मुदत नंतर वाढवली गेली.

तोवर काय पाहायचं?

पाकिटामागच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ शोधा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत हवी. साखरयुक्त कोलाच्या २५० मिलिलीटरमध्ये साधारण तेवढी साखर असते. कोकम सरबताच्या तयार सिरपलाही हाच हिशोब लावा. बिनसाखरेचं आगळ घेतलं, तर साखर किती घालायची हे तुमच्या हातात राहतं.