गुलछडीतली हरवलेली रात्र

खडकवासल्याचं धरण १८७९मध्ये पुरं झालं आणि मुठेचं पाणी उजव्या कालव्यातून हडपसर, लोणी, उरुळी करत दौंडच्या दिशेने वाहू लागलं. धरणाच्या वरच्या अंगाला सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि खालच्या अंगाला कोरडं, मोकळं रान; या दोहोंना जोडणारा हा कालवा नसता तर हवेली-दौंडच्या पट्ट्यात आज दिसते तेवढी बागायत उभी राहिली नसती. या बागायतीतलं एक पीक म्हणजे गुलछडी. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात ती दोन रूपांत येते. दांड्यावरून खुडलेली सुटी फुलं किलोवर जातात, ती नुसती ‘गुलछडी’; लांब दांड्यासकट बांधलेली जुडी असेल तर ती ‘गुलछडी काडी’. रोजच्या भावाच्या यादीतला हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. छडी म्हणजेच काडी. मग फुलांची छडी विकताना तिला पुन्हा काडी का म्हणावं लागतं, आणि छडी नसलेल्या सुट्या फुलांच्या ढिगाला गुलछडी कसं म्हणता येतं? माझं म्हणणं असं की या नावातली छडी मागाहून आलेली आहे. तिच्या जागी आधी रात्र होती.

आधी फुलाकडे पाहू. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. मेणासारख्या, किंचित पिवळसर पांढऱ्या पाकळ्या बोटांनी चाचपल्या की हे नाव पटतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला त्याचे कंद स्पेनमार्गे युरोपच्या बागांत पोचले. कंबरेएवढा दांडा, त्यावर जोडीजोडीने लागलेल्या लांबट नळीच्या कळ्या, आणि त्या खालून वर उमलत जातात. दिवसा वास बेताचा असतो. दिवस कलला की तो अंगण भरून टाकतो. पांढरा रंग, लांब नळी, रात्रीचा घमघमाट ही सगळी तयारी निशाचर पतंगांसाठी आहे. म्हणजे रात्र ही या फुलाच्या जगण्यातलीच गोष्ट आहे. ती नावात असणं स्वाभाविक आणि नावातून जाणं हेच नवलाचं.

फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र आणि ‘बू’ म्हणजे गंध. ‘गुल-ए-शब्बू’ हे नाव इराणात आजही आहे, पण तिथे ते वेगळ्याच, भूमध्य सागराकडच्या बागफुलांना लावतात. आपल्या गुलछडीला ते ‘गुल-ए-मरियम’ म्हणतात. हिंदुस्थानात मात्र गुलशब्बो म्हणजे हेच मेक्सिकोचं फूल. नाव आधीचं आणि फूल नंतरचं, असा हा प्रकार. फारसी बोलणाऱ्या बागांमध्ये रात्री दरवळणारं नवं फूल आलं, आणि हाताशी असलेलं जुनं नाव त्याला मिळालं. मराठीत याच फुलाला ‘गुलछबू’ही म्हणत आले आहेत, आणि माझ्या मते सगळ्या कुळकथेचा सांधा या एका शब्दात आहे. ‘श’चा ‘छ’ होणं आपल्या जिभेला परकं नाही: ‘शाव’चा छावा झाला, ‘शकटा’चा छकडा झाला. ते बदल प्राकृताच्या काळातले, हे खरं; पण शब्बूचा छबू होताना जीभ ओळखीच्याच वाटेने गेली. पुढे छबू या शब्दाला मराठीत काही अर्थ उरला नाही, समोर तर सरळसोट दांडा उभा. तेव्हा अर्थ नसलेल्या छबूच्या जागी अर्थ असलेली छडी येऊन बसली.

असं एकट्या याच फुलाचं झालेलं नाही. गुलबक्षी घ्या. तीही अमेरिकेची, तीही दिवस कलल्यावर उमलणारी. तिचं फारसी नाव ‘गुल-ए-अब्बास’. त्याचं मराठीत गुलबास झालं आणि गुलबक्षीही झालं. अब्बास ओळखीचा राहिला नाही, बक्षी हा दरबारी हुद्दा कानावर होता. इंग्रजीत तर आपल्या फुलाचं अगदी हेच झालं. ‘ट्यूबरोज’ या नावात गुलाब नाही. मूळ लॅटिन ‘ट्युबेरोसा’ म्हणजे गाठीगाठींच्या कंदाची. तिचे ‘ट्यूबर-ओस’ असे तुकडे पडायचे ते सोडून लोकांनी ‘ट्यूब-रोज’ असे पाडले आणि नळीचा गुलाब तयार केला. एकाच फुलाच्या नावात दोन वेगळ्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी बसवलं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. इतक्या लांब कशाला जायचं? गुल म्हणजे फूल, छडी म्हणजे छडी, फुलांनी लगडलेली छडी ती गुलछडी. रूपावरून नाव पडतंच. गुलछडीच्याच, म्हणजे शतावरीच्या कुळातली, दक्षिण आफ्रिकेतून कुंड्यांमध्ये आलेली युकोमिस तिच्या डोक्यावरच्या पानांच्या तुऱ्यामुळे अननस लिली झाली, तिथे कुणी हरवलेला शब्द शोधत नाही. आक्षेपातला अर्धा भाग मी मानतो. दांडा छडीसारखा नसता तर छडी नावात टिकलीच नसती. पण मग पहिला अर्धा शब्द फारसी का? मराठी माणसाने निव्वळ रूप पाहून नाव ठेवलं असतं, तर ‘फूल’ हा शब्द काही दूर नव्हता. गुलदावदी, गुलबक्षी, गुलछबू ही नावांची एक पंगत आहे, आणि गुलछडी त्याच पंगतीत बसते. शिवाय बाजारातली ती ‘काडी’ आहेच. छडीचा अर्थ नावात जिवंत असता, तर काडी जोडण्याची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप ‘निशिगंध’ या नावाच्या बाजूने येतो. निशिगंध, रजनीगंधा ही नावं इतकी संस्कृत आहेत की फूलही आपलं, पुरातन असणार असं वाटतं. पण अमेरिकेतल्या कंदाला प्राचीन संस्कृतात नाव असण्याचा संभवच नाही. निशा म्हणजे शब, गंध म्हणजे बू. निशिगंध हा मला गुलशब्बोचा शब्दाला शब्द ठेवून केलेला तर्जुमा वाटतो. रात्री वास येतो, तेव्हा कुणालाही हेच नाव सुचलं असतं, असं कुणी म्हणेल. सुचलं असतं, पण दक्षिणेत सुचलेलं नाही. कानडीत हे फूल सुगंधराज आहे आणि तमिळमध्ये जमिनीवरचा चाफा, म्हणजे निलसंपंगी. वास सगळ्यांनी हुंगला, चाफा आठवला, राजा आठवला, रात्र मात्र नावात आली नाही. म्हणून मी गुलछडी आणि निशिगंध ही एकाच गुलशब्बोची दोन अपत्यं मानतो: एकाने बापाचा आवाज घेतला, दुसऱ्याने अर्थ.

दोघांची घरंही वेगळी झाली. शेतात आणि यार्डात गुलछडी, कवितेत आणि मुलींच्या-बंगल्यांच्या नावांत निशिगंध. कुंडीत लावणारा माणूस या दोन्ही घरांमध्ये वावरतो. खडकवासल्याच्या बाजूला कुंडीत हे फूल घ्यायचं तर पाणी देण्यापेक्षा पाणी काढून देणं महत्त्वाचं. तळाशी पाणी साचलं की पावसाळ्यात कंद कुजतो. एप्रिल-मे महिन्यांत लावलेला जाडजूड कंद पावसात दांडा टाकतो. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या कडेला सुटलेली पिल्लं पुढच्या वेळी फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून पिल्लं वेगळी करावी लागतात. हारासाठी एकेरी पाकळ्यांची जात, तिला वास जास्त, फुलदाणीसाठी दुहेरी. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या फलोद्यान संशोधन संस्थेने या दोहोंच्या संकरातून ‘शृंगार’ आणि ‘सुवासिनी’ हे वाण काढले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आपल्या एकेरी वाणाचं नाव ठेवलं ‘फुले रजनी’. शेतकरी रजनीचे कंद विकत आणतो, कालव्याच्या पाण्यावर वाढवतो, आणि पहाटे खुडलेल्या तिच्या कळ्या यार्डात गुलछडी म्हणून वजनकाट्यावर घालतो.